द्राक्षांच्या चार ओळी

सोलकान, १९ ऑक्टोबर १९४७

दारिंका,

नावाआधी काय लिहावं हे ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे.

हे पत्र तुझ्या घरापासून पायी वीस मिनिटांवर बसून लिहिते आहे. ते आधी ल्युब्लियानाला जाईल, तिथून फिरून तुमच्या देशात, इटलीत, शिरेल आणि मग गोरित्साला पोचेल. वाटेत दोन्हीकडचे लोक ते उघडून वाचतील. त्यांनाही नमस्कार. यात त्यांच्या कामाचं काही नाही.

सीमेवरचे नाके बंद व्हायच्या आदल्या दिवशी तुझा निरोप मिळाला. भाजीवालीनं एकही शब्द न गाळता सांगितला: "आमच्या दारात रेघ मारायला हिलाच मिळावं ना काम."

मी रेघ मारली नाही. सीमा आखणाऱ्या पथकाबरोबर लाल-पांढरी मोजकाठी धरून मी चालत होते, हे खरं. सगळ्या गल्लीनं ते पाहिलं. पण रेघ पॅरिसमध्ये तहाच्या टेबलावर मारली गेली, नकाशावर, जाड पेन्सिलीनं. त्या पेन्सिलीची रुंदी जमिनीवर उतरवली की तिच्यात अख्खं अंगण मावतं. त्या अंगणाच्या आत खुंटी कुठे ठोकायची, एवढाच वाद आम्हाला घालता येत होता, आणि तो आम्ही घातला. काही ठिकाणी लोकांनी अधिकाऱ्यांपुढे हॅम आणि वाइन ठेवली. तिथे रेघ जराशी वाकली. आपल्या गल्लीत कुणी काही ठेवलं नाही. तुझ्या लीवियोनं दुकानाची फळी ओढून घेतली आणि आत बसून राहिला.

आता झालं आहे ते असं. गाव तुमच्याकडे गेलं. स्टेशन, वीटभट्टी, दफनभूमी आणि बाबांचा द्राक्षमळा आमच्याकडे आला. मधलं शहर काढून घेतल्यावर उरतो तसा हा भाग आहे. म्हणून इथे नवं शहर बांधायचं ठरलं आहे, आणि मोजणी करणारी माणसं कमी आहेत. मी इथेच राहिले ते त्यासाठी. ज्या इटालियन शाळेत मास्तर माझं नाव बदलून मला एमीलिया म्हणत, त्या शाळेतलं गणित माझ्या नावानं आणि माझ्या भाषेत वापरता येईल अशी जागा मला दुसरी दिसली नाही. तू लग्न केलंस, मी नोकरी धरली. यात कुणी कुणाला सोडलं असं मला वाटत नाही.

एक कामाचं. ज्यांचं घर तिकडे आणि शेत इकडे राहिलं, त्यांना शेताचा पास मिळणार आहे. मळा तुझ्या नावावर आहे. अर्ज कर, आणि आईचं नाव मदतनीस म्हणून घाल. बाबांची कबर मळ्याच्या कुंपणाला लागून आहे. पासवर तसं लिहिलेलं नसेल, पण कुंपणापर्यंत जायला कुणी अडवणार नाही.

मिलोयका


नवी गोरित्सा, ६ जून १९४८

दारिंका,

वरचं नाव वाचून हसू नकोस. गाव अजून नाही, पण शिक्का आहे.

तुम्हाला पास मिळाला हे मला कळलं. कळलं म्हणजे दिसलं. तुम्ही दोघी मंगळवारी आणि शुक्रवारी कुदळी घेऊन येता तेव्हा मी बहुतेक ओढ्यापलीकडे यंत्र लावून उभी असते. आमच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. सवय झाली की ते उलटं वाटत नाही. आई डोक्यावर चालत वेली बांधते, तू तिच्या मागे टोपली धरून. तू एकदा सरळ माझ्याकडे पाहिलंस आणि पाठ फिरवलीस. ते मला उलटं असूनही समजलं.

मी जवळ आले नाही त्याचं कारण नियम. शेतपासवाल्यांनी कामाखेरीज कुणाशी बोलू नये, असं नाक्यावर लिहून लावलं आहे, आणि मी सरकारी नोकर आहे.

इथे हजारो तरुण मुलंमुली आल्या आहेत. सर्बियातून, मॅसेडोनियातून, कुठून कुठून. सकाळी गाणी म्हणत फावडी उचलतात, दुपारी त्यांच्या हातांना फोड येतात. दलदलीत भर घालून रस्त्याचा पाया भरतात आणि पाऊस पडला की तो पुन्हा खचतो. सहा मोठ्या इमारतींचे आराखडे मॉस्कोच्या नमुन्यावरून आले आहेत, त्यांना सगळे रशियन ठोकळे म्हणतात. शहर असं दिसायला हवं की सीमेपलीकडून दिपून जावं, असं आम्हाला सांगण्यात आलं आहे. सीमेपलीकडे म्हणजे तुझी स्वयंपाकघरातली खिडकी. तिथून काय दिसतं ते कधीतरी कळव.

आता मूळ मुद्दा. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. मुख्य रस्ता सरळ आहे. आराखड्यात तो इतका सरळ आहे की मी आधी कौतुकच केलं. मग तो जमिनीवर धरून पाहिला. दुसऱ्या टप्प्यात तो बाबांच्या मळ्यातून जातो. कडेनं नाही, मधून.

मळा गेला की तुझा पास गेला. पास गेला की आईचं इकडे येणं संपलं. मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन की ओढ्याजवळची माती भुसभुशीत आहे. ती आहेच. पण रस्ता वळवण्याइतकी नाही, आणि खोटी पातळी मी लिहिणार नाही.

मिलोयका


नवी गोरित्सा, २ ऑगस्ट १९४८

दारिंका,

वर्तमानपत्रं तुमच्याकडेही येतात, तेव्हा मॉस्कोनं आम्हाला साम्यवादी देशांच्या घराबाहेर काढलं हे तुला ठाऊक असेल. इथे पहिले काही दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही. कचेरीतल्या भिंतीवर दोन चित्रं, एक मॉस्कोच्या नेत्याचं, एक आमच्या; त्यांतलं एकच ठेवावं की दोन्ही ठेवावीत, हे सांगणारा कागद वरून येईना. शेवटी आमचे कामप्रमुख लोकार यांनी भिंत रंगवायला काढली. चित्रं उतरवावी लागली आणि कुणाला काही ठरवावं लागलं नाही.

लोकार वयानं बाबांएवढे आहेत. ऑस्ट्रियाच्या बादशहासाठी पूल बांधला, इटलीसाठी दुरुस्त केला, आणि युद्धात आपल्या लोकांसाठी उडवलाही त्यांनीच. बातमी आली त्या दिवशी हजेरीच्या वेळी फक्त तेच बोलले, "कालपर्यंत ते रशियन ठोकळे होते. आजपासून नुसते ठोकळे. कामाला लागा." हसावं की नाही हे लोकांना कळेना.

तिकडून येणारी यंत्रं थांबली, पोलादही थांबलं. दुसरा टप्पा पुढे ढकलला आहे. किती पुढे ते कुणी सांगत नाही. माझ्या शेवटच्या खुंटीपासून तुझ्या पहिल्या वेलीपर्यंत आता नुसतं गवत आहे. एवढ्या मोठ्या माणसांचं भांडण झालं आणि त्यात एक मळा वाचला. याचा आनंद मानावा असं मी लिहिणार नाही, कारण हे पत्र तुझ्याआधी दुसरे वाचतात. तू मान.

मिलोयका


नवी गोरित्सा, २५ मार्च १९५०

दारिंका,

माझ्या आधीच्या पत्रांची उत्तरं आली नाहीत. ती पोचली नाहीत असं मी धरलेलं नाही.

काम पुन्हा सुरू होतं आहे. या वेळी पैसा दुसऱ्या बाजूचा, पश्चिमेचा, आहे. अडीच वर्षांपूर्वी ज्यांच्या जीपगाड्या तुमच्या चौकात उभ्या असत, त्यांच्या दुधाच्या भुकटीवर आमचं भोजनगृह चालतं आणि त्यांच्याच कर्जाबद्दल वर बोलणी चालली आहेत. लोकार म्हणतात, शहर तेच, नुसता सासरा बदलला.

मळ्याची नोटीस तुला आली असेल. ती सरकारी भाषेत आहे, म्हणून साध्या शब्दांत लिहिते. मालकानं संमती दिली नाही तर पूर्ण तुकडा सरकारजमा होतो. संमती दिली तर रस्त्याला लागेल तेवढीच जमीन घेतात आणि उरलेली मालकाच्या नावावर राहते. रस्ता आणि त्याचा पदपथ काढून ओढ्यापर्यंत एक अरुंद पट्टी उरते. तिच्यावर इमारत बसत नाही, म्हणून ती कुणाला नको आहे. मी मोजली. तिच्यात वेलींच्या चार ओळी बसतात.

शेतपासाच्या कायद्यात शेत किती मोठं असावं हे लिहिलेलं नाही. कसलेलं असावं एवढंच आहे. चार ओळी कसलेल्या असल्या की तू मालकीण, आणि आई तुझी मदतनीस.

हे मी लोकारना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "समाजवादी शहराच्या मुख्य रस्त्यावर द्राक्षं?" मी म्हटलं, हिरवा पट्टा. आराखड्यात झाडांची सोय आहेच, कुठली झाडं ते लिहिलेलं नाही. त्यांनी सही केली.

आता तुझी सही हवी. मुदत सप्टेंबरअखेरपर्यंत. तू रागावून सही केली नाहीस तर तो राग मला लागणार नाही. माझी खोली, माझी नोकरी आहे तशीच राहील. लागेल तो आईला.

मिलोयका


नवी गोरित्सा, १४ ऑगस्ट १९५०

दारिंका,

कालचं तुला अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं लिहिते.

रविवारी लाल घराच्या नाक्यावर दोन्हीकडच्या नातेवाइकांना भेटता येईल, असं सगळीकडे पसरलं होतं. मी तुला तसं कळवलंही होतं. सकाळपासून मी अडसरापाशी उभी होते, संमतीपत्र पिशवीत घालून. तुम्ही दोघी दिसला नाहीत. ऊन चढलं, गर्दी वाढली. पलीकडून कुणी हाका मारत होतं, अलीकडून कुणी नाव घेऊन रडत होतं. मग मागून रेटा आला. पहारेकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि बाजूला झाले. मला नियम मोडायचा नव्हता, पण गर्दीनं माझं मत विचारलं नाही. भानावर आले तेव्हा मी तुमच्या देशात होते आणि माझा एक बूट निघाला होता.

लोक आधी नातेवाइकांकडे धावले आणि मग दुकानांकडे. काय घ्यायचं हे कुणी ठरवून आलं नव्हतं. कुणाच्या तरी हातात झाडू दिसला, आणि आपल्याकडे दोन वर्षांत झाडू मिळालेला नाही हे सगळ्यांना एकदमच आठवलं. आपल्या राश्टेल गल्लीत शिरले तर लीवियोच्या दुकानापुढे रांग. मी रांगेत उभी राहिले. तुला भेटायचं म्हणून रांग मोडली असती तर लोकांनी मारलं असतं.

तू मान वर न करता विचारलंस, "किती?"

"एक."

मग वर पाहिलंस. "नवं शहर बांधताय ना तिकडे? रुंद रस्ते, उंच इमारती. आणि झाडायला झाडू नाही?"

"पुढच्या वर्षीच्या योजनेत आहे," मी म्हटलं. मागचा माणूस हसला. तू हसली नाहीस.

मी गल्ल्यावर कागद ठेवला आणि कुठे सही करायची ते दाखवलं. तू तो वाचलाही नाहीस. म्हणालीस, "तीन वर्षं पत्रं लिहितेस. एकात तरी विचारलंस का, आई कशी आहे?"

 ती मला आठवड्यातून दोनदा दिसते, असं माझ्या ओठांवर आलं होतं. बरं झालं बोलले नाही. काल रात्री सगळी पत्रं मनात वाचून पाहिली. तू म्हणालीस ते बरोबर आहे.

माझा आवाज ऐकून आई जिन्यावरून खाली आली. जवळून ती किती बारीक झाली आहे हे दुर्बिणीत कळलं नव्हतं. ती काय म्हणाली ते तू ऐकलंस, तरी लिहिते, कारण मला ते लिहून ठेवायचं आहे. "दोन वर्षं तुला त्या तीन पायांच्या यंत्रामागे बघतेय. एकदा हात हलवला असतास तर काय मोडलं असतं?"

मी म्हटलं, शेतपासवाल्यांशी बोलायला मनाई आहे.

"सगळे बोलतात गं. तो पहारेकरी दर शुक्रवारी माझ्याकडून कांदे नेतो."

मग ती वर गेली आणि पिशवी घेऊन आली. पिशवी भरलेलीच होती. कधीपासून, ते तुला माहीत असेल. मी विचारलं नाही. मी तिला बोलावलं नव्हतं हे मात्र तू मान. माझ्या डोक्यात फक्त सही होती. ती तुला म्हणाली, "मला तुझ्या बाबांजवळ पडायचंय, आणि ते कुदळ घेऊन, पास दाखवून नाही." तुझा चेहरा मी पाहिला. लीवियो काहीतरी बोलू लागला, त्याला तू हातानं थांबवलंस. खुंटीवरचा झाडू काढलास आणि आईच्या हातात दिलास.

"तिकडचे सगळे हेच घेऊन चाललेत," तू म्हणालीस. "रिकाम्या हातानं गेलीस तर ओळखतील."

आणि मागच्या माणसाला विचारलंस, किती.

इथून पुढचं तुला माहीत नाही. संध्याकाळी नाक्यावर झाडूंचं रान उगवल्यासारखं दिसत होतं. कुणी खांद्यावर, कुणी काखेत, एकानं सायकलला बांधलेले. आम्हाला कुणी कागद विचारले नाहीत. एका तरुण शिपायानं आईला अडवलं. तो म्हणाला, "आजी, एकच? बाकीचे दोन-दोन नेतायत."

"माझं घर लहान आहे," आई म्हणाली.

ती तशीच दफनभूमीपर्यंत चालली, मध्ये कुठे थांबली नाही. तिथे झाडू कुंपणाला टेकवून बसली. मी बाहेर थांबले. नंतर माझ्या खोलीत आल्यावर तिनं जमीन झाडायला घेतली. मी म्हटलं, स्वच्छ आहे. तिनं दाराआड साठलेली चुन्याची पूड दाखवली.

आज सकाळी पोलिसांकडे जाऊन तिची नोंद केली. मला वाटलं होतं अडचण येईल. पण काल गेलेल्यांपैकी काही तिकडेच राहिले आहेत, त्यामुळे उलट दिशेनं आलेली एक म्हातारी पाहून त्यांना फार बरं वाटलं. वर्तमानपत्रवाला फोटो काढायला आला होता. आईनं त्याला विचारलं की तो आधी पायपुसण्यावर पाय का पुसत नाही. फोटो झाला नाही.

तर आता स्थिती अशी आहे. आईला तुमच्याकडे येता येणार नाही. तिच्याकडे ना पास, ना तुमच्या देशाचा वैध कागद. मला तर नाहीच. तिघींत येऊ शकणारी एकच आहे, आणि तीही मळा असेपर्यंत. कागद गल्ल्यावर राहिला आहे.

तिला रात्री खोकला येतो. मक्याच्या पिठाची पोलेंता खाते, मांस नको म्हणते. तुझ्याकडेही असंच होतं का? औषध कुठलं देत होतीस ते कळव.

मिलोयका


नवी गोरित्सा, १२ नोव्हेंबर १९५०

दारिंका,

सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी तू आलीस तेव्हा मी ओढ्यापलीकडे होते. तू आईजवळ वेलींमध्ये बसलीस, द्राक्षं तोडलीस, दोघी कशावरून तरी भांडलात. मी हात हलवला. तू पाहिलास की नाही हे मला कळलं नाही, आणि आई सांगत नाही. म्हणते, "तिलाच विचार."

तू गेल्यावर तिनं मला कागद दिला आणि औषधाची बाटली. कागदावर सही होती. मागच्या बाजूला तू एकच शब्द लिहिला आहेस: पाच.

तीन वर्षांत तुझ्याकडून आलेला हा पहिला शब्द आहे, म्हणून मी तो गांभीर्यानं घेतला. रस्ता हलवता येत नाही. तो मी हलवला नाही. पण पाचव्या ओळीपाशी पुन्हा यंत्र लावलं. पदपथाची कड तिच्या खांबांमधून जाते. मुळं मात्र कडेच्या आत आहेत, तुझ्या बाजूला. खांब काढावे लागतील. वेली ठेवता येतील, पण त्यांना रस्त्याकडून सोडवून ओढ्याच्या बाजूला वळवावं लागेल. नवीन नकाशात मी पाच ओळी दाखवल्या. लोकारनी विचारलं, चाराच्या पाच कशा झाल्या. मी म्हटलं, मालकिणीनं मोजल्या. त्यांनी पुन्हा चष्मा वर केला आणि सही केली.

गेल्या आठवड्यात खडी पडली. मळ्याचा मोठा भाग आता रस्ता आहे. काम चाललं होतं तेव्हा आई आली नाही. दुसऱ्या दिवशी येऊन उरलेल्या वेलींच्या बुंध्यांना माती चढवली. बाबांनी पहिल्या युद्धानंतर इथल्या तोफगोळ्यांचे तुकडे टोपलीनं वेचले होते, तेही रस्त्याच्या पायात घालायला नेले, असं तिनं सांगितलं. हे मला माहीत नव्हतं. तुला होतं का?

खोकला कमी आहे. तू दिलेलं औषध संपत आलं.

जुनी वेल न मोडता कशी वळवायची ते मला येत नाही, आणि आईचे हात आता वर पोचत नाहीत. फेब्रुवारीत छाटणीला ये. तू येशील त्या दिवशी मी रजा टाकेन, आणि कामाखेरीज बोलू नये हा नियम छाटणीला लागू होत नाही असं मी ठरवलं आहे. लीवियोच्या दुकानातून एक कात्री माझ्यासाठी आण. इथे त्याही मिळत नाहीत.

मिलोयका